शिरोड्याच्या वाटेवरचं काथ्याचं दुकान: माप चोख, बिल मात्र मागून घ्या

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच, पण आधी हे दुकान कशासाठी आहे ते सांगते. वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना रस्त्याला लागूनच एक पत्र्याची शेड आहे. पाटीवर दुकानाचं नाव नाही. ‘काथ्या, कोकोपीट, सोडणाचे तुकडे मिळतील’ एवढंच लिहिलंय, आणि त्यातलाही ‘मिळतील’ निम्मा पुसलाय. बागेत आच्छादन घालायला, हल्ली सगळे ज्याला मल्चिंग म्हणतात त्यासाठी, मी इथून नारळाच्या सोडणाचे, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीचे, तुकडे घेते.

मी बांधकाम खात्यात हिशेबाच्या टेबलावर होते. खडी, मुरूम, वाळू यांची बिलं तपासण्यात नोकरी गेली. ढीग समोर दिसतो एक आणि मापात भरतो दुसराच, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून कुठल्याही दुकानात मी मालाआधी माप बघते. या दुकानाला चार तारे दिलेत ते मापासाठी.

आच्छादनाच्या धंद्यात सगळा घोळ मापाचाच आहे. कुणी किलोवर विकतं, कुणी ‘मोठं पोतं’ म्हणून विकतं, ऑनलाइनवाले लिटरवर विकतात. आपल्याला मात्र जमीन झाकायची असते, म्हणजे लांबी, रुंदी आणि जाडी, म्हणजेच घनफूट. किलोचा इथे काही संबंधच नाही. सोडणाचा तुकडा पाणी पितो. सुकं पोतं मी एकटी उचलून अंगणात नेते, तेच पोतं रात्रभर दवात किंवा पावसात राहिलं की दोघं लागतात. आमच्या बाजूच्या एका व्यापाऱ्याकडे हाच माल वीस रुपये किलोनं मिळतो आणि ढीग असतो उघड्यावर. अवकाळी पाऊस पडून गेल्यावर त्याच्याकडे जाल तर पैसे पाण्याचे द्याल.

दुसऱ्या एका ठिकाणी ‘मोठं पोतं १२० रुपये’ होतं. स्वस्त वाटलं म्हणून एक आणलं आणि फरम्यात ओतून पाहिलं. फरमा म्हणजे काँक्रीटला वाळू-खडी मोजायची लाकडी पेटी. एक फूट लांब, एक फूट रुंद, पंधरा इंच उंच, म्हणजे सव्वा घनफूट. सिमेंटची ५० किलोची गोणी साधारण तेवढीच भरते, म्हणून मिस्त्री लोक ते माप धरतात. त्या ‘मोठ्या’ पोत्यात सव्वा फरमा माल निघाला. घनफुटाला ७७ रुपये पडले.

शिरोड्याच्या वाटेवरच्या या शेडमध्ये पोतं १८० रुपयांना आहे. ऐकून पहिल्यांदा कुणीही मागेच फिरेल. पण पोत्यात दोन फरमे, म्हणजे अडीच घनफूट माल येतो आणि घनफुटाला ७२ रुपये पडतात. शिवाय फरमा तिथेच ठेवलेला असतो, जुन्या कामावरचा, कडांना सिमेंट लागलेला. मी पर्समधली टेप काढून मोजला. मालक हसला, पण बाजूला झाला नाही की तोंड वाकडं केलं नाही.

पोती भरायचं काम मालकाची आई करते. ते एकदा बघण्यासारखं आहे. फरमा भरते, वरून हात फिरवून पातळी करते, पोत्यात ओतते. दुसरा फरमा ओतायच्या आधी पोतं दोन्ही कानांनी उचलून जमिनीवर धाडधाड आपटते. “आपटल्याबगर पोता भरूचा नाय,” असं मला तिनं ऐकवलं. मग तोंड दुमडून दाभणानं सुतळीचे मोठे मोठे टाके घालते आणि शेवटच्या टाक्याला गाठ मारून उरलेली सुतळी दातानं नाही, कोयतीनं कापते. ती कोयती तिच्या पाटाखालीच असते. आपटल्यामुळे पोतं दिसायला लहान दिसतं. बाजारात फुगीर पोतं खपतं, हिचं नाही खपणार. तरी ती आपटतेच.

आता अंदाजाचं. इथे हे दुकान इतरांपेक्षा वेगळं पडतं, कारण मालक ‘किती पोती?’ असं विचारत नाही. ‘जागा केदी आसा?’ असं विचारतो. मी कागदच घेऊन गेले होते. घरापुढचा अबोली-जास्वंदीचा वाफा २० फूट बाय ३ फूट, म्हणजे ६० चौरस फूट. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेचा लांब वाफा ३२ बाय अडीच, म्हणजे ८०. मागच्या परसात भाजीचे चार वाफे, प्रत्येकी ८ बाय ३, मिळून ९६. आणि दोन हापूसची कलमं, अजून लहान आहेत, त्यांची गोल आळी.

गोल आळ्याला लोक घाबरतात. घाबरण्यासारखं काही नाही. खोडापासून आळ्याच्या कडेपर्यंत टेप धरायची. माझ्याकडे ३ फूट भरलं. तीन गुणिले तीन नऊ. खोडाभोवती अर्धा फूट जागा मोकळी ठेवायचीच असते, नाहीतर ओल्या आच्छादनात साल कुजते. त्या अर्ध्या फुटाचे पाव वजा केले, उरले पावणेनऊ. त्याला ३.१४ नं गुणलं की साडेसत्तावीस चौरस फूट. दोन आळ्यांचे ५५.

मग जाडी. चौरस फुटाला इंचांनी गुणायचं आणि बारानं भागायचं, की घनफूट आले. एवढं एक पाठ असलं की दुकानदार कुठल्याही भाषेत बोलू दे, आपण फसत नाही. फुलझाडांना मी ३ इंच धरले, १४० चौरस फुटाला ३५ घनफूट. भाजीला २ इंच, कारण रोपं लहान असतात आणि जाड थरात मिरचीचं रोप गुदमरतं, तिथे १६ घनफूट. कलमांना ४ इंच, तिथे सव्वाअठरा. सगळे मिळून ७० च्या आत-बाहेर.

मालकानं कागद पाहिला आणि विचारलं, “काकी, तीन इंच पसरताना व्हये की बसल्यार?”

म्हणजे तीन इंच पसरताना हवेत की माल दबून बसल्यावर? माझ्या टेबलावर मुरमाचा ढीग मोजून यायचा तेव्हा आम्ही हेच विचारायचो. सैल माल आणि दबलेला माल यांची वजावट ठरलेली असायची. पण बागेचं सामान विकणाऱ्यानं हे विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. सोडणाचे तुकडे पहिल्या पाण्यानंतर थोडे बसतात. त्याच्या हिशेबानं शंभरामागे पंधरा जास्त धरायचे. त्याप्रमाणे ७० चे ८० घनफूट झाले, म्हणजे ३२ पोती. पालापाचोळ्याचं गणित याहून निराळं आहे. आंब्याचा सुका पातेरा तुम्ही फूटभर उंच घाला, पाऊस-दोन पाऊस झाले की निम्म्याहूनही खाली बसतो. फुकट असतो म्हणून कुणी मोजत नाही, पण मोजायला गेलात तर पाहिजे त्याच्या अडीच-तीन पट गोळा करावा लागेल. आणि आमच्याकडे पातेरा फुकट असला तरी मोकळा कुठे असतो? अर्धा भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, जातो.

३२ पोत्यांचा आकडा लिहून झाला आणि मालकानं त्यातली आठ कमी केली. “आंब्याक ह्या कशाक घालतास? घरची सोडणां नाय काय?” घरची सोडणं होतीच, मांडवाच्या मागे ढीग पडलेला. बागायतीच्या शिफारशीत नारळाच्या आळ्यासाठी हे लिहिलेलंच आहे: खोडापासून १.८ मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे सहा फूट, १०० ते १५० सोडणं पसरायची, पाठ वर करून. माडाला जे चालतं ते कलमाला चालायला हरकत नाही, आळं लहान म्हणून सोडणंही कमी. दोन्ही आळ्यांना मिळून साठ-सत्तर सोडणं पुरली.

यात एक बारकावा आहे तो सांगते, कारण उलटं केलेलं मी खूप ठिकाणी बघते. जमिनीवर पसरायची ती सोडणं पालथी आणि चर खणून पुरायची ती उताणी. पुरलेल्या सोडणात पावसाचं पाणी वाटीसारखं राहतं आणि काथ्या ते सोडत सोडत माडाच्या मुळांना देतो. वरती पसरलेली उताणी ठेवलीत तर त्यात पाणी साचून डासांची पैदास. आरोग्यसेवक घरी येऊन तेच बोट दाखवून जाईल.

आणि माडासाठी तर कधीच पोत्यातला माल विकत घेऊ नका. सहा फुटांचं आळं म्हणजे ११३ चौरस फूट. अर्धा फूट जाडीचा थर म्हटला की एकाच माडाला ५६ घनफूट! मी अख्ख्या वाफ्यांना जेवढं घेतलं तेवढं एका माडाखाली जाईल. त्याच्याच झावळ्या तोडून त्याच्याच पायाशी टाकायच्या, विषय संपला.

तर २४ पोती. ४,३२० रुपये, टेम्पोचे ७०० वेगळे. छोट्या हत्तीचा हौदा सात फूट बाय पावणेपाच, म्हणजे तळ ३३ चौरस फूट. २४ पोत्यांचे ६० घनफूट दोन फुटांच्या आत बसतात, दोरी बांधली की झालं. सुटा माल ब्रासवरही देतात, शंभर घनफुटाला ६,००० रुपये. दर कमी आहे, पण सुटा माल घेणार असाल तर हौदा भरल्यावर तिथेच मोजून घ्या. घरी पोचेपर्यंत आमच्या रस्त्यांवर तो इतका दबतो की तुम्ही दारात टेप लावाल आणि उगाच भांडण होईल. दोन-चार घरांनी मिळून घ्यायचा असेल तर ब्रास परवडतो, एकट्या घराला पोतीच बरी.

मिठाबद्दल विचारल्याशिवाय इथून माल घेऊ नका, म्हणजे इथून असं नाही, किनाऱ्यावरच्या कुठल्याही काथ्यावाल्याकडून. आपल्याकडे सोडणं खाडीच्या चिखलात कुजत घालायची जुनी पद्धत आहे. काथ्या छान सुटतो, पण मीठ आत शिरतं. त्यातून हे शिरोडं, इथे मिठागरं, १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथलाच. मीठ इथे हवेतच आहे म्हणा ना. घेवड्याला खारं अजिबात सोसत नाही. मालक सांगतो की तुकड्यांचा माल तो मशीनवर कापतो आणि विहिरीच्या पाण्याच्या टाकीत धुतो. मी मूठभर तुकडे कपभर पाण्यात रात्रभर भिजवले आणि सकाळी जिभेला लावून पाहिले. तुरट लागले, खारट नाही. पाणी चहासारखं होतं, त्याला घाबरू नका, तो सोडणाचा रंग असतो. मात्र पोती पांढऱ्या लादीवर ठेवू नका. त्या रंगाचे डाग ब्रशनंही निघत नाहीत.

दुकानात कोकोपीटच्या, म्हणजे सोडणाच्या दाबलेल्या भुशाच्या, पाच किलोच्या विटाही आहेत. पाण्यात घातल्या की फुगून साठ-पासष्ट लिटर होतात. कुंड्यांना उत्तम. वरच्या थराला मात्र घेऊ नका. सुकलं की वाऱ्यानं उडतं, आणि जोरात पाऊस आला की तरंगत गटारात जातं. हे मालकानंच सांगितलं, विटांमध्ये त्याला जास्त सुटत असणार तरी. लिटरचा विषय निघालाय म्हणून: एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. ऑनलाइनच्या पिशवीवर ‘५० लिटर’ असं मोठ्या अक्षरात असतं, ते झाले पावणेदोन घनफूट. दोन इंचांनी पसरलं तर साडेदहा चौरस फूट, घराच्या दाराची एक फळी झाकेल एवढं. किंमत बघा आणि मग ठरवा.

इतर पर्यायही वापरून झालेत. भातगिरणीतला तूस जवळपास फुकट मिळतो, पण हलका इतका की पंख्याची हवासुद्धा त्याला पुरते. सॉमिलचा भुस्सा जाड घातला की त्याचा पापुद्रा होतो आणि वरचं पाणी वरूनच वाहून जातं. सुरूच्या सुया फार चांगल्या, पण किनाऱ्यावरची सुरूबनं वनखात्याची, तिथून पोती भरून आणणं योग्य नाही. कलिंगडवाले चंदेरी-काळा मल्चिंग पेपर अंथरतात, त्यांचा हिशेब सोपा, वाफ्याची लांबी मोजली की झालं. पण परसातल्या अबोलीला प्लॅस्टिक कोण घालणार?

माल कधी घ्यायचा, यावर दुकानात दोन मतं ऐकली. एक गिऱ्हाईक मे महिन्यात घेऊन जात होतं, ‘पावसाआधी’ म्हणून. माझ्या मते दसरा-दिवाळीच्या मध्ये, पाऊस सरतो आणि जमीन अजून ओली असते तेव्हा. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभ्याची जमीन तो चाळणीसारखा खाली सोडून देते. डिसेंबर उजाडला की वरची माती विटेसारखी लागते. ओल असतानाच झाकलं तर ती आत राहते. सुकल्या जमिनीवर आच्छादन घातलंत तर सुकंच झाकून ठेवलंत. मेमध्ये घातलेला थर पहिल्या झडीत उतारावरून खाली येतो, आणि पुढे चार महिने त्याच्याखाली गोगलगायींचं बाळंतपण चालतं.

आणखी एक जागा मोजणीतून वगळा: पागोळ्यांखालची. छपराचं पाणी जिथे पडतं तिथे सोडणाचा तुकडा टिकत नाही, फूटभर पट्टा खडी टाकून सोडून द्या. घरापुढच्या वाफ्याची रुंदी मी मुळातच पागोळ्या सोडून मोजली होती.

वापरून झाल्यावरचं सांगायचं तर मार्चमध्ये फुलझाडांना रोजच्याऐवजी दिवसाआड पाणी पुरलं. विहीर तळाला गेली की याची किंमत कळते. भिंतीवर लाल मातीचे शिंतोडे कमी झाले. तण मात्र पूर्ण जाईल या आशेवर राहू नका. लाजाळू दबली, पण लव्हाळा तीन इंचांतून सुईसारखा वर येतो, त्याला उपटण्याशिवाय उपाय नाही. भाजीच्या वाफ्यात दर हंगामाला तुकडे एका बाजूला ओढून मग माती उकरावी लागते, ते कंटाळवाणं काम आहे. वाळवी खालच्या थरात दिसली, कलमाच्या बुंध्याजवळ नाही, कारण तिथे अर्धा फूट मोकळा होता.

दोन पोती उरली. मालकानं घेतानाच सांगितलं होतं की झाडांच्या बुंध्यांची जागा त्यानं वजा केलेली नाही. “उरला तर हाडून दिया, पैसे घेवा.” पुढच्या खेपेला शिरोड्याला जाताना रिक्षात टाकून नेली. त्याच्या आईनं सुतळीचे टाके तपासले, आपलेच आहेत याची खात्री केली आणि ३६० रुपये परत दिले. तोंड उघडलेलं पोतं घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

आता पाचव्या ताऱ्याचं. तुकडे एकसारखे नाहीत. एका पोत्यात सुपारीएवढे, दुसऱ्यात तळहाताएवढे, आणि मोठ्या तुकड्यांच्या पोत्यात फटी जास्त म्हणून जमीन कमी झाकते. चाळून वेगळे विकायला हवेत. मालात निळ्या प्लॅस्टिक दोरीचे तुकडे निघाले, सोडणांचे भारे बांधून येतात त्याच्या असणार. मी वेचून काढले, पण हे काम गिऱ्हाइकाचं नाही. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितल्यावर मात्र लगेच, शिक्क्यासकट देतात. ऑफिससाठी, शाळेसाठी किंवा होमस्टेच्या हिशेबाला घेणार असाल तर आधीच सांगा. टेम्पो अरुंद पाणंदीत शिरत नाही. आमच्याकडे तिठ्यावर पोती उतरवली आणि पुढे गड्याला वेगळे पैसे मोजावे लागले. हे फोनवरच विचारून घ्या.

फोन दुपारी एक ते चार उचलत नाहीत. त्यावर तारा कापलेला नाही, त्या वेळात मीही उचलत नाही.

या वर्षी वाफ्यांवर फक्त एक इंचाची भर घालायची आहे. २३६ चौरस फूट, म्हणजे वीस घनफुटांच्या आत, ८ पोती. बारीक तुकड्यांचीच बाजूला काढून ठेवा म्हणून सांगून आले आहे. तुम्ही जाणार असाल तर चतुर्थीच्या सुट्टीत जाऊ नका, शेड बंद असते, आणि जाल तेव्हा मापं कागदावर लिहून न्या. ‘अंदाजे एवढी एवढी जागा’ असं हातवारे करून सांगितलंत तर मालक काही बोलत नाही, पण आई टेप तुमच्या हातात देऊन घरी परत पाठवते.